ऐच्छिक कर्तव्य

बाबा नगरपालिकेत ज्या टेबलावर बसत, त्याला कचेरीत 'करमणूक खातं' म्हणायचे. असं खातं कागदावर कुठंच नव्हतं. पाणीपुरवठा होता, घरपट्टी होती, जकात होती, बांधकाम होतं, आरोग्य होतं. या सगळ्यांतून जे उरायचं ते बाबांच्या टेबलावर येऊन पडायचं. बाग, वाचनालय, तालीम, खुलं नाट्यगृह, यात्रेतला कुस्त्यांचा फड. १९६२ साली ते कारकून म्हणून लागले तेव्हा कचेरीत सगळ्यांत नवे होते आणि ही कामं कुणालाच नको होती. जकात नाक्याला वजन होतं. बागेच्या माळ्याचं पगारपत्रक करण्याला कसलं वजन?

गाव आमचं तालुक्याचं, पश्चिम महाराष्ट्रातलं. नाव सांगत नाही, कारण पुढं जे सांगायचं आहे ते गावाला फार भूषणावह नाही. आणि खरं तर अशी गावं कितीतरी आहेत.

बाबा गेल्यानंतर त्यांच्या कपाटात नगरपालिका कायद्याची एक जीर्ण प्रत मिळाली. 'महाराष्ट्र नगरपालिका अधिनियम, १९६५'. त्यात कलम ४९ च्या पानावर पेन्सिलीनं समासात एकच उभी रेघ मारलेली. मी ते कलम वाचलं आणि बाबांच्या टेबलाचं कोडं सुटलं. या कलमात नगरपालिकेच्या कर्तव्यांचे दोन भाग आहेत, आवश्यक आणि ऐच्छिक. दिवाबत्ती, झाडलोट, आग विझवणं, जन्ममृत्यूची नोंद, मेलेल्यांच्या दहन-दफनाची जागा ही आवश्यक. सार्वजनिक बागा, ग्रंथालयं, संग्रहालयं, सभागृहं ही ऐच्छिक. म्हणजे स्मशान हवंच, बाग जमली तर!

'ऐच्छिक कर्तव्य' हा शब्दप्रयोग मला पहिल्यांदा वाचला तेव्हा चुकीचाच वाटला. कर्तव्य असेल तर ते ऐच्छिक कसं? पण ही काही १९६५ ची कल्पना नव्हे. त्याआधी मुंबई इलाख्यात १९०१ चा जिल्हा नगरपालिका कायदा होता, त्यातही अशीच विभागणी होती. आणि तिथं ऐच्छिक कामांच्या यादीत बागा, ग्रंथालयं आणि संग्रहालयं यांच्या पंगतीला वेड्यांची इस्पितळंही बसवलेली होती. (बाबांना हे सांगायला हवं होतं, खूप हसले असते.)

थोडं आणखी मागं जाऊ. आपल्याकडच्या पुष्कळ जुन्या नगरपालिका १८५० च्या सव्विसाव्या कायद्यानं स्थापन झाल्या. गावातल्या लोकांनी मागणी केली तर तिथं समिती नेमता येईल, असा तो कायदा. समितीनं करायचं काय, तर रस्ते, गटारं, दिवे, तळी, स्वच्छता. लोकांनी संध्याकाळी कुठं बसावं, काय वाचावं, पोरांनी कुठं खेळावं हा सरकारच्या काळजीचा विषय नव्हता. आणि गंमत म्हणजे लोकांनाही तसं वाटत नव्हतं, कारण ते स्वतःच ही सोय करत होते. रत्नागिरीचं वाचनालय १८२८ चं आहे, म्हणजे हा कायदा होण्याच्याही बावीस वर्षं आधीचं. पुण्याचं १८४८ चं, कोल्हापूरचं १८५० चं. वर्गणी काढायची, वर्तमानपत्रं मागवायची, कुणाच्या तरी वाड्यात दोन बाकं टाकायची. तालमींचंही तसंच. पेठेची तालीम पेठ चालवी. व्याख्यानांची हौस न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू करून लावली आणि पुढं गावोगाव अशा माला वर्गणीवर चालू लागल्या.

संस्थानांत राजाची मर्जी हाच कायदा. मर्जी चांगली असली तर काय होतं त्याचं उदाहरण म्हणजे कोल्हापूर. शाहू महाराजांनी खासबागेत कुस्तीचं मैदान बांधलं, त्याला लागून पॅलेस थिएटर उभं केलं. तेच आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा हिंदुस्थानात पहिल्यांदा झाला तोही कोल्हापूर संस्थानात, १९४५ मध्ये. महाराष्ट्र राज्याला तो करायला १९६७ उजाडलं. पण मर्जीवर उभं राहिलेलं पुढं कुणीतरी सांभाळावं लागतं. ते नाट्यगृह यथावकाश नगरपालिकेकडं आणि मग महानगरपालिकेकडं आलं, आणि ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. ती बातमी पाहताना मला आमच्या गावचं पत्र्याच्या विंगांचं खुलं नाट्यगृह आठवत होतं, हे कुणाला विचित्र वाटेल. पण नाट्यगृह गेल्याचं दुःख त्याच्या आकारावर ठरत नाही.

आता कायद्यातली दुसरी गंमत. बाग काढणं ऐच्छिक होतं, पण करमणुकीवर कर बसवणं मात्र आवश्यक! त्याच १९६५ च्या कायद्यात, नगरपालिकेनं बसवायलाच हव्यात अशा करांत सिनेमा, नाटकं, सर्कशी आणि इतर खेळ यांच्यावरचा कर होता. शिवाय राज्याचा करमणूक कर वेगळा, तो १९२३ पासूनचा. (२०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा त्याची सद्दी संपली.) गावात सर्कस आली की वसुली विभागाचा माणूस तंबूच्या दाराशी जाऊन बसे. दोन आठवडे सर्कस चालली तर बऱ्यापैकी रक्कम जमे. ती रक्कम सगळ्या जमेत मिसळून जाई आणि कुठल्यातरी गटारीत वाहून जाई. बाबा दर वर्षी अंदाजपत्रकाच्या वेळी टिपण लिहीत, की खेळांवरच्या कराचं उत्पन्न इतकं झालं, त्याचा निम्मा भाग तरी क्रीडांगण व बाग या शीर्षाखाली ठेवावा. मुख्याधिकारी बदलत, नगराध्यक्ष बदलत, टिपण बदलत नसे. शेराही बदलत नसे. 'पुढील वर्षी विचार व्हावा.'

तरी ती माणसं वाईट नव्हती, हे सांगायला हवं. उन्हाळ्यात तीन दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात बागेतल्या हिरवळीवर पाणी मारायचं कुठल्या तोंडानं? बाबांनी त्यावर काढलेली तोड म्हणजे माळ्याला सांगून हिरवळ मरू द्यायची, झाडं जगवायची. वडाला, चिंचेला, कडुनिंबाला काय लागतं? बाकं त्या झाडांखाली हलवली. गावाला शोभेची बाग मिळाली नाही, पण सावली मिळाली.

बागेत एक चौकोनी खोली होती. तिच्यात रेडिओ आणि वर खांबाला कर्णा. संध्याकाळी ठरलेल्या वेळी माळी रेडिओ लावी, बातम्या होत, मग कधी कीर्तन, कधी गाणी. घरोघर रेडिओ यायच्या आधी साठ-सत्तर माणसं रोज त्या कर्ण्याखाली बसत. युद्धाच्या दिवसांत, १९६५ आणि १९७१ मध्ये, बसायला जागा नसे. पुढं घरोघर ट्रान्झिस्टर आले, कर्णा गंजला आणि नादुरुस्तीचा कागद बाबांनीच लिहिला.

यात्रेतला फड म्हणजे मोठं काम. आठ दिवस आधी हौद्यातली माती उकरून चाळायची, लाल माती वाढवायची, त्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मुरवायची. हे साहित्य 'किरकोळ खर्चा'त दाखवावं लागे आणि लेखापरीक्षक दर वर्षी विचारत की नगरपालिकेला ताक कशाला लागतं? बाबा दर वर्षी लेखी खुलासा देत. एकदा मी तो वाचला होता. 'सदर ताक प्राशनार्थ नसून मृत्तिकासंस्कारार्थ आहे.'

या सगळ्यांत माझ्यासारख्या मुलींना काय होतं? काही नाही. तालीम पुरुषांची, फड पुरुषांचा, कर्ण्याखाली पुरुष. वाचनालयात लांबलचक टेबलावर वर्तमानपत्रं पसरलेली आणि भोवती सगळे आजोबा-काका. बाई आत गेली तर सगळी मान वर करून बघणार. आई वाचनालयाची सभासद होती, पण पुस्तक बदलायला मी जायची. एकदा आईनं रागानं पुस्तक परत पाठवलं आणि बाबांना म्हणाली, "तुमच्या शिपायानं दिलेलं पुस्तक मी का वाचू? मला कपाटं बघायची आहेत." बाबांनी ठराब-बिराब काही केला नाही. वाचनालय दुपारी बारा ते चार बंद असायचं. त्यांनी शिपायाची वेळ फिरवून दोन ते चार दार उघडं ठेवलं आणि बाहेर पाटी लावली, 'फक्त महिलांसाठी'. पहिल्या आठवड्यात आई आणि मी दोघीच होतो. वर्षभरात बसायच्या खुर्च्या कमी पडू लागल्या. निवडणुकीच्या वेळी एका नगरसेवकानं पत्रकात ते आपलं काम म्हणून छापलं. बाबा म्हणाले, "छापू दे. आता कुणी बंद करणार नाही."

मैदानाचं मात्र असं झालं नाही.

१९६६ च्या नगररचना कायद्यानुसार आमच्या गावाचा विकास आराखडा झाला आणि स्टँडच्या मागच्या एका पडीक रानावर क्रीडांगणाचं आरक्षण पडलं. नकाशात हिरवा चौकोन. आरक्षण पडलं म्हणजे जमीन मिळाली असं नव्हे. ती संपादन करावी लागते आणि मोबदला द्यावा लागतो. मालक बिचारा साधा शेतकरी. त्याला तिथं ना बांधता येई, ना धड विकता येई. पोरं खेळायची, तो बघत बसायचा. कायद्यात कलम १२७ आहे. दहा वर्षांत संपादन झालं नाही तर मालकानं नोटीस द्यायची. त्यानंतर ठराविक मुदतीत पालिकेनं पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण संपलं. ती मुदत तेव्हा सहा महिन्यांची होती, पुढं वाढवली.

नोटीस आली ती १९८६ मध्ये. आवक रजिस्टरला नोंद झाली. ती बांधकामाच्या टेबलावर गेली, कारण जमिनीचा विषय. बांधकामानं ती बाबांकडं पाठवली, कारण क्रीडांगणाचा विषय. बाबांनी त्याच दिवशी प्रस्ताव लिहिला. मुदत अमुक तारखेस संपते, हे तांबड्या शाईनं. तो वर गेला. पैसे नव्हते. कर्ज काढावं तर पाण्याच्या योजनेचं कर्ज आधीच डोक्यावर. बैठकीपुढं विषय दोनदा आला आणि दोनदा तहकूब झाला. बाबा एकदा मालकाच्या घरीही जाऊन आले. तो म्हणाला, "भाऊसाहेब, मला दोन पोरींची लग्नं करायची हैत. तुमच्या पोरांच्या खेळापायी किती वर्षं थांबू?" बाबांकडं उत्तर नव्हतं. माझ्याकडं आजही नाही. सहा महिने झाले, आरक्षण संपलं.

हे मी कुणाला खलनायक ठरवायला सांगत नाही. त्या बैठकीत कुणीही मैदानाच्या विरुद्ध बोललं नव्हतं. विरुद्ध बोलायची गरजच नव्हती. आवश्यक कामांची यादी संपल्याशिवाय ऐच्छिक कामाची पाळी येत नाही आणि गरीब गावात ती यादी कधी संपत नाही. त्यापुढं घटनादुरुस्ती झाली, १९९३ पासून बाराव्या अनुसूचीत बागा आणि क्रीडांगणं हा शहरांनी सांभाळायचा विषय म्हणून आला. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात गेली आणि त्याजागी राज्याचं अनुदान आलं. आता पैसा योजनेबरोबर येतो. योजना व्यायामाच्या यंत्रांची असेल तर बागेत यंत्रं येतात. आमच्या बागेतही आली आहेत, निळी-पिवळी. दोन चालतात. माळ्याचा पगार मात्र कुठल्याच योजनेत बसत नसावा, कारण माळी ठेकेदाराचा आहे आणि दर काही महिन्यांनी नवा असतो. कडुनिंब आणि चिंच अजून आहेत.

वाचनालयाची दोन ते चारची वेळही अजून आहे. पाटी बदलली आहे, छापील झाली आहे.

गेल्या दिवाळीत स्टँडच्या मागं गेले होते. त्या जागेवर दुमजली व्यापारी संकुल होऊन आता तीसेक वर्षं झाली. सोमवार होता, गाळे बंद. पुढच्या फरशीवर सात-आठ पोरांचं क्रिकेट चाललं होतं. एका शटरवर खडूनं तीन स्टंप काढलेले. चेंडू शटरवर आदळला की केवढा तरी आवाज व्हायचा आणि आऊट की नाही यावरून भांडण. कारण बेल्स काढलेल्या नव्हत्या. मी थोडा वेळ उभी राहिले. एकानं मला विचारलं, "काकू, तुम्ही बघितलं ना? लागला ना?"

मी म्हटलं, लागला.