चाकाचा जोर आणि माणसाचा जोर

विजेच्या सायकलीला मोटर केवढी लागते हा प्रश्न कारखान्यातला वाटतो. परंतु चाकाला जुंपलेल्या माणसाचा इतिहासही त्याच हिशेबात आहे.

जात्याचा खुंटा मध्यापासून दूर असला की दळणारीला जोर कमी लागतो. जोर गुणिले मध्यापासूनचे अंतर, यालाच टॉर्क म्हणतात. सायकल व स्वार मिळून १०० किलो धरा. आपल्याकडच्या सपाट डांबरी वाटेवर सावकाश जाताना साधारण १ किलोचा रेटा पुरतो. वीस हातांना एक हात असा चढ लागला की त्यात ५ किलोची भर पडते. चाकाची त्रिज्या ३३ सेंटिमीटर; म्हणजे सपाटीवर सुमारे ३ न्यूटन-मीटर टॉर्क, तर चढावर २०. सहापट! २५० वॉटची मोटर, तूट वजा जाता, हा चढ ताशी १२ किलोमीटरने चढेल. दिवसभर राबणारा धडधाकट मजूर मात्र सरासरी ७५ वॉटच देऊ शकतो.

अमेरिकेत ऑग्डन बोल्टन याने १८९५ सालीच मागच्या चाकाच्या तुंब्यात मोटर बसवून पेटंट घेतले होते. पुढे १९०७ साली नेरळ-माथेरान रेल्वे सुरू झाली. तिचा कमाल चढ नेमका विसास एक. इंजिनाला हा चढ झेपेल की नाही, हे आधी मोजावेच लागले. त्याच माथेरानात मोटारींना बंदी, म्हणून प्रवासी हातरिक्षात बसत. रिक्षा, प्रवासी व ओढणारा मिळून २०० किलो धरले, तरी अशा चढावर मातीच्या रस्त्याने १४ किलोचा रेटा हवा. ७५ वॉटांत तो माणूस ताशी दोन किलोमीटर जाईल. इंजिनासाठी गणित आणि माणसासाठी फक्त भाड्याचा दर, हा न्याय मला कधी पटला नाही.

सायकलरिक्षावाल्यांच्या उपजीविकेचा आझाद रिक्षा पुलर्स युनियनचा खटला सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली निकालात काढला. त्यानंतर बेचाळीस वर्षांनी, डिसेंबर २०२२ मध्ये, माथेरानात ई-रिक्षा प्रायोगिक स्वरूपात धावल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश, आपल्या अमरावतीचे भूषण गवई, यांच्या पीठाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. ई-रिक्षा खऱ्या हातरिक्षावाल्यांना भाड्याने द्याव्यात, आणि पैसा नाही ही सरकारची सबब चालणार नाही, असेही त्यात बजावले आहे.