परसातील पेरूचा प्रवास

आंजर्ल्याच्या वाडीत नारळी-पोफळींच्या कडेला एखादे पेरूचे झाड दिसले, की ते मूळचे कोकणातलेच असावे असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः पेरू हा पाहुणा आहे. त्याची जन्मभूमी उष्ण कटिबंधातील अमेरिका होय. ज्या पोर्तुगीजांनी १५०८ साली जवळचेच दाभोळ बंदर जाळले, त्यांच्याच गलबतांतून हे गोड फळ पुढे आपल्या किनाऱ्यावर उतरले.

‘पेरू’ हे नाव पेरू देशावरून पडले, असे अनेकांना वाटते. तथापि पोर्तुगीज भाषेत ‘पेरा’ म्हणजे नासपती. कोकणीत आजही पेरूला ‘पेर’ म्हणतात आणि गोव्यात नाताळच्या कुसवारात ‘पेराद’ असते. अशा शब्दांचा माग गोव्याचे विद्वान धर्मगुरू मोन्सिन्योर दाल्गादो यांनी १९१३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात घेतला आहे.

बियांपासून वाढलेला पेरू हुबेहूब आईसारखा निपजत नाही. कुणाचा गर लाल, कुणाचा पांढरा. कुणात बिया फार, कुणाला सुगंध आगळा. या विविधतेतूनच १९२७ साली पुण्याच्या गणेशखिंड बागेत डॉ. चीमा यांनी लखनौच्या बियांच्या रोपांतून एक उत्तम झाड निवडले. ‘लखनौ-४९’ अर्थात ‘सरदार’ पेरू तो हाच. आज बहुतेक बागांत अशा मोजक्या जातींचीच कलमे लागतात. परसातले जुने झाड मात्र आपल्या जातीचे एकटेच असते. ते तोडले, की ती चव कायमची गेली.

कोकणात पेरूला पाणी न साचणारी उंच जागा द्यावी. पावसाळी फळ पाणचट होते व फळमाशीने किडते. हिवाळी फळ अधिक गोड. अपूर्व झाड हाती असल्यास पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाड फांदीची साल बोटभर वर्तुळाकार काढावी, तेथे ओले शेवाळ लावून प्लॅस्टिकने बांधावे आणि मुळे फुटल्यावर फांदी कापून लावावी. ही गुटी म्हणजे त्याच झाडाचा दुसरा जन्म. परदेशी जाती आणताना मात्र विवेक हवा. हवाई व मॉरिशस बेटांवर स्ट्रॉबेरी पेरूने मूळची जंगले ग्रासली आहेत.

घर बांधताना, वाटणी होताना पहिली कुऱ्हाड परसावरच पडते. ती उचलण्यापूर्वी एक गुटी बांधावी आणि एक रोप शेजाऱ्यालाही द्यावे. समुद्रापलीकडून आलेला हा पाहुणा असाच हातोहात आपल्या दारी पोहोचला आहे.