ग्रंथांचे घर आणि माणसांचे घर : स्थपती बाळकृष्ण दोशी यांचा प्रवास

सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी आपल्या ट्रस्टच्या पन्नास वर्षांचा जमाखर्च मांडला जात आहे. त्याचबरोबर ज्ञानभांडार आणि विद्यार्थी वसतिगृह यांसाठी नवी वास्तू उभारण्याचा संकल्पही विश्वस्त मंडळाने केला आहे. समाजाच्या दानातून उभी राहणारी वास्तू कशी असावी, याचा विचार करताना मला वारंवार एका थोर स्थपतीच्या जीवनप्रवासाची आठवण होते. ते स्थपती म्हणजे बाळकृष्ण विठ्ठलदास दोशी.

आडनावावरून पुष्कळांना ते आपल्याच समाजाचे वाटतात. वस्तुतः त्यांचे घराणे वैष्णव. पण हे आडनाव मात्र आम्हा कापडवाल्यांचे खरे. संस्कृतात ‘दूष्य’ म्हणजे वस्त्र. त्यावरून ‘दौष्यिक’ म्हणजे वस्त्रांचा व्यापारी, आणि त्याचेच पुढे ‘दोशी’ झाले. या दोशींच्या कर्तृत्वाला पहिला मोठा आधार मिळाला तोही कापडगिरण्यांच्या नगरीत, अहमदाबादेत, आणि त्यात एका जैन श्रेष्ठींचा वाटा फार मोठा होता.

बाळकृष्ण दोशी यांचा जन्म 26 ऑगस्ट 1927 रोजी पुण्यात झाला. घरी फर्निचर बनविण्याचा पिढीजात व्यवसाय होता. लाकूड, सांधे, मापे यांचे संस्कार बालपणीच झाले. देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, 1947 साली, त्यांनी मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये वास्तुकलेच्या अभ्यासाला प्रारंभ केला. पुढे ते लंडनला गेले आणि तेथून 1951 साली पॅरिसमध्ये ले कॉर्बुझिए या जगप्रसिद्ध स्थपतींच्या हाताखाली दाखल झाले. पहिले आठ महिने त्यांना वेतन नव्हते. फ्रेंच भाषा येत नव्हती. तरीही त्यांनी गुरुगृह सोडले नाही.

त्याच वर्षी ले कॉर्बुझिए अहमदाबादेस आले होते. नगराचे तत्कालीन महापौर चिनुभाई चिमणभाई हे शेठ कस्तुरभाई लालभाई यांचे पुतणे. त्यांच्या आमंत्रणावरून नगरसंग्रहालयाचे काम या फ्रेंच स्थपतींकडे आले आणि पाठोपाठ गिरणीमालक संघाच्या इमारतीचे कामही आले. गिरणीमालकांनी त्या काळात केवळ नफा मोजला नाही. वस्त्रोद्योगाच्या संशोधनासाठी त्यांनी ‘अटिरा’ ही संस्था उभी केली आणि तिच्या इमारतीचा आराखडा कोकणातील आचरे गावी जन्मलेल्या अच्युत कानविंदे यांनी केला. अशा या नगरीत, आपल्या गुरूंच्या इमारतींच्या बांधकामावर देखरेख करण्यासाठी, दोशी 1954 साली परतले आणि तेथेच स्थायिक झाले.

येथे शेठ कस्तुरभाईंविषयी दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे. 1894 साली जन्मलेल्या कस्तुरभाईंना 1912 साली वडिलांच्या निधनामुळे शिक्षण सोडून गिरणीची धुरा खांद्यावर घ्यावी लागली. 1931 साली त्यांनी अरविंद मिल्सची स्थापना केली. शेठ आणंदजी कल्याणजी पेढीचे अध्यक्षपद त्यांनी दीर्घकाळ भूषविले. राणकपूर आणि देलवाडा येथील मंदिरांचा जीर्णोद्धार त्यांच्याच दृष्टीतून झाला. जुन्या कामाशी नवे काम एकजीव व्हावे, जीर्णोद्धाराच्या नावाखाली मूळ सौंदर्य झाकले जाऊ नये, हा त्यांचा कटाक्ष असे. इमारत पाहण्याची दृष्टी या श्रेष्ठींकडे होती.

आगमप्रभाकर मुनिश्री पुण्यविजयजी महाराजांनी पाटण, जैसलमेर आदी ठिकाणच्या ज्ञानभांडारांत वर्षानुवर्षे परिश्रम करून सहस्रावधी पोथ्यांची व्यवस्था लावली, सूची केल्या. त्यांच्या प्रेरणेने कस्तुरभाईंनी आपल्या पिताश्रींच्या नावे अहमदाबादेत ‘लालभाई दलपतभाई भारतीय संस्कृती विद्यामंदिर’ स्थापन केले. मुनिश्रींनी स्वतःच्या संग्रहातील सुमारे 10 हजार हस्तलिखिते या संस्थेस अर्पण केली. त्यांच्यासाठी वास्तू उभारण्याचे काम तरुण दोशींकडे आले. 1962 साली ती पूर्ण झाली.

पॅरिसमधून आलेला स्थपती. त्याला काचेची, सिमेंटची, नव्या धाटणीची इमारत सहज उभी करता आली असती. परंतु दोशींनी प्रथम उपाश्रय पाहिले. साधुभगवंतांशी चर्चा केली. पोथी कशी ठेवतात, कशी उघडतात, तिला कशाचे भय असते, हे त्यांनी विचारले. ऊन, ओल आणि कीड हे पोथीचे तीन शत्रू आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. म्हणूनच जैसलमेरच्या किल्ल्यात ग्रंथभांडार मंदिराखालच्या भुयारात ठेवले गेले. म्हणूनच ज्ञानपंचमीला पोथ्या बाहेर काढून, झाडून, वेष्टने बदलण्याची प्रथा पडली. आम्हा कापडवाल्यांनाही यातले थोडे समजते. पोथीच्या वेष्टनाला खळीचे कापड चालत नाही, कारण खळीला कीड लागते. त्यासाठी धुऊन खळ काढलेला साधा मांजरपाटच उत्तम. जे दिसायला कडक आणि झळझळीत, ते ग्रंथाला हितकर असतेच असे नाही. इमारतीचेही तसेच आहे.

दोशींनी हस्तलिखितांचे भांडार अर्धे जमिनीखाली ठेवले. जमिनीच्या पोटात उन्हाळ्याची झळ कमी पोहोचते आणि तापमान फारसे चढ-उतार करीत नाही. वर उंच जोते, त्यावर अभ्यासकांच्या खोल्या आणि सर्व बाजूंनी लांबच लांब ओसरी. ओसरीमुळे ऊन भिंतीपर्यंत येत नाही, मात्र उजेड आणि वारा येतो. बाहेरून पाहणाऱ्यास इमारत नव्या काळाची दिसते, आत गेल्यावर उपाश्रयाची शांतता जाणवते. आज त्या संस्थेत सत्तर हजारांहून अधिक हस्तलिखिते सुरक्षित आहेत.

त्याच 1962 साली दोशींनी अहमदाबाद एज्युकेशन सोसायटीच्या आश्रयाखाली वास्तुकलेचे विद्यालय सुरू केले, जे आज ‘सेप्ट’ विद्यापीठ म्हणून ख्यातनाम आहे. याच सुमारास भारतीय व्यवस्थापन संस्थेच्या, म्हणजे आय.आय.एम.च्या, संकुलाचा विषय पुढे आला. कस्तुरभाई आणि डॉ. विक्रम साराभाई यांच्या विश्वासातील स्थपती म्हणून दोशींना ते काम स्वतःकडे घेता आले असते. परंतु त्यांनी अमेरिकेतील लुई कान यांचे नाव सुचविले आणि आपण सहकारी म्हणून राहणे पसंत केले. पस्तिशीतील स्थपतीने आयुष्यातील सर्वांत मोठे काम आपल्याहून थोर व्यक्तीच्या हाती सोपविणे, हा आपल्या परिभाषेत अपरिग्रहच होय. लुई कान यांनी विटांतून उभे केलेले ते संकुल पाहण्यासाठी आज जगभरातून लोक येतात.

दोशींच्या प्रवासाचा कळस मात्र मला इंदूरच्या ‘अरण्य’ वसाहतीत दिसतो. इंदूर विकास प्राधिकरणासाठी अल्प उत्पन्न गटांच्या घरांची ही योजना त्यांनी आखली. 1989 साली ती आकारास आली. येथे त्यांनी सर्वांना एकसारखी तयार घरे बांधून दिली नाहीत. गरीब कुटुंबाला जोते, पाणी, शौचालय आणि एखाद्या खोलीचा गाभा दिला. पुढचे घर कुटुंबाने आपल्या ऐपतीप्रमाणे वाढवावे, अशी सोय ठेवली. 6,500 हून अधिक घरांच्या या वसाहतीत आज 80 हजारांहून अधिक लोक राहतात. मी वाणिज्याचा पदवीधर असल्याने त्यातील हिशोब मला विशेष भावतो. हमरस्त्यालगतचे मोठे भूखंड बाजारभावाने विकून त्या उत्पन्नाचा आधार लहान भूखंडांना दिला गेला. घेणाऱ्याला दीनपण न आणता देण्याची ही रीत आहे. या वसाहतीस 1995 साली आगाखान वास्तुकला पुरस्कार लाभला.

2018 साली वास्तुकलेतील सर्वोच्च मानला जाणारा प्रित्झकर पुरस्कार दोशींना मिळाला. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. 24 जानेवारी 2023 रोजी, वयाच्या पंचाण्णव्या वर्षी, अहमदाबादेत त्यांचे निधन झाले. त्यानंतर दुसऱ्याच दिवशी पद्मविभूषण जाहीर झाले.

पोथ्यांचे भांडार आणि गरिबांची वसाहत ही दोन कामे वरवर पाहता भिन्न आहेत. पण दोन्हींची रीत एकच होती. वास्तू ज्याच्यासाठी, त्याला आधी विचारणे. ग्रंथांसाठी बांधताना ते साधूंजवळ बसले. गरिबांसाठी बांधताना गरिबांची जगण्याची रीत त्यांनी समजून घेतली. आणि असा स्थपती घडायला तसाच दाताही लागतो. कस्तुरभाईंनी केवळ धनादेश दिला असता, तर कदाचित नावाची भव्य पाटी असलेली आणखी एक इमारत उभी राहिली असती.

आता थोडे आपल्याविषयी. कटू वाटल्यास क्षमा असावी. आपल्या सध्याच्या सभागृहाच्या वेळी दात्यांच्या नावांचा संगमरवरी फलक कोठे आणि केवढा लावावा, यावर आपण तीन सभा घेतल्या. त्या सभांना मीही उपस्थित होतो आणि मीही हिरिरीने बोललो होतो. पण ग्रंथांची कपाटे पश्चिमेच्या भिंतीला लागत आहेत, त्या भिंतीत पावसाळ्यात ओल येते, हे आपल्यापैकी कोणाच्याही ध्यानात आले नाही. काही पोथ्यांना वाळवी लागली तेव्हा ते कळले. वृद्ध श्राविकांना सभागृहाच्या अकरा पायऱ्या चढवत नाहीत, हेही नंतरच कळले. दान निर्मळ होते. विचारायचे मात्र राहून गेले.

म्हणून नव्या वास्तूच्या निमित्ताने विश्वस्त मंडळास माझी नम्र विनंती आहे. आराखड्यावर सही करण्यापूर्वी आपल्या स्थपतींना महाराजसाहेबांच्या चातुर्मासात काही दिवस उपाश्रयात बसवावे. वसतिगृहात राहणार असलेल्या, खेड्यांतून येणाऱ्या चार विद्यार्थ्यांशी त्यांची गाठ घालून द्यावी. ज्या आजी पायऱ्यांमुळे प्रवचनास येईनाशा झाल्या, त्यांच्या घरीही त्यांना न्यावे. फलकाचा विषय शेवटच्या सभेसाठी ठेवावा. माझ्या नावापुरता तो ठेवला नाही तरी चालेल.

पुढील पन्नास वर्षांनी हीरक महोत्सवही मागे पडून आपल्या ट्रस्टची शताब्दी साजरी होईल. तेव्हा आपण नसू. पण त्या दिवशी एखादा विद्यार्थी कोरड्या, शांत खोलीत बसून शाबूत पोथी उघडील, तर आपले दान सार्थकी लागले असे म्हणता येईल.

जय जिनेंद्र.