तारापूरची राख

मागच्या सुट्टीत नात पाथरीला आली होती. परळीकडे एका लग्नाला निघालो, तेव्हा वाटेत औष्णिक केंद्राची धुरांडी दिसली. मी तिला कोळसा, राख, राखेच्या विटा असं सगळं सांगत होतो (मास्तरकी जात नाही!). तर ती म्हणाली, "आजोबा, मग अणुभट्टीची राख कुठे नेतात?"

मंडळी, मी इतिहासाचा मास्तर. होमी भाभा शिकवले, पोखरण शिकवलं. पण हा प्रश्न वर्गात कधी कुणी विचारला नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही पडला नाही. लग्नाहून परतल्यावर वाचत बसलो. आमचं बी.ए. मराठी माध्यमातलं, त्यामुळे करारांची इंग्रजी शब्दकोश उशाशी घेऊन वाचावी लागली. जे कळलं ते लिहितो.

आधी एक दुरुस्ती. अणुभट्टीत राख होत नाही. युरेनियमच्या गोळ्या भरलेल्या धातूच्या नळ्या असतात, त्यांची जुडी करून भट्टीत ठेवतात. काही वर्षांनी जुडी बाहेर काढली तरी दिसायला जवळजवळ तशीच. फरक एवढाच, की आत घालताना ती माणसाला हाताळता येते आणि बाहेर काढल्यावर जवळ उभं राहिलं तर जीव जाईल. शिवाय ती तापत राहते. म्हणून तिला खोल पाण्याच्या हौदात बुडवून ठेवतात. पाणी थंडही करतं आणि किरणही अडवतं. हा हौद भट्टीच्या शेजारीच असतो, आणि तो काही कायमचा मुक्काम नव्हे.

आता तारापूर. तेव्हाचा ठाणे जिल्हा, आताचा पालघर. ८ ऑगस्ट १९६३ रोजी भारत-अमेरिका करार झाला. जनरल इलेक्ट्रिकने दोन भट्ट्या बांधून द्यायच्या आणि तीस वर्षं इंधन अमेरिकेने पुरवायचं. ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू झाली. इंधन आणायचं कसं, हे कराराने नीट ठरवलं होतं. वापरून झालेल्या इंधनाचं काय, यावर मात्र एक अर्धवट कलम. त्यातलं प्लुटोनियम वेगळं काढण्याची प्रक्रिया भारतात करायची असेल, तर त्या कारखान्यावर नीट देखरेख होऊ शकते असं दोघांनी "मिळून ठरवायचं". भाऊबंदकीचे कागद पाहिलेल्या माणसाला हे शब्द वाचूनच धडकी भरते. पुढे कधीतरी मिळून ठरवू, असं लिहिलेल्या बांधावरच डोकी फुटतात.

झालंही तसंच. १९७४ साली पोखरण झालं, १९७८ साली अमेरिकेने नवा कायदा केला आणि इंधन अडलं. १९८० साली अध्यक्ष कार्टर यांनी ३८ टन इंधन मंजूर केलं, तेव्हा सिनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६ अशा मतांनी ते कसंबसं निभावलं. १९८२ साली इंदिराबाई आणि रेगन यांच्यात तोडगा निघाला की इंधन फ्रान्सने द्यावं. वर्तमानपत्रांतून ही बातमी मीही वाचली असणार. पण आलेलं इंधन वापरून झाल्यावर जातं कुठे, हा प्रश्न त्या तोडग्यानेही सोडवला नाही. भारत म्हणे, प्रक्रियेचा हक्क आमचा. अमेरिका म्हणे, आमच्या संमतीशिवाय नाही. आणि जुड्या हौदात साठत राहिल्या.

यातली खरी गंमत (गंमत म्हणवत नाही) अशी, की असं इंधन हाताळणारा कारखाना त्याच तारापुरात, कुंपणापलीकडे उभा होता. सत्तरच्या दशकात खास यासाठीच बांधलेला. १९८२ नंतर त्यात प्रक्रिया झाली ती राजस्थानातल्या रावतभाट्याच्या इंधनावर! ते शेकडो किलोमीटरवरून आणलेलं. असा प्रवास साधा नसतो. जाड पोलादाचं, शिशाचा थर दिलेलं कित्येक टन वजनाचं भांडं लागतं, त्याला कास्क म्हणतात. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे अशा भांड्याची रचना नऊ मीटरवरून न दबणाऱ्या पृष्ठभागावर आपटली आणि ८०० अंशांच्या आगीत अर्धा तास राहिली तरी टिकली पाहिजे. एवढी तयारी करून लांबचं इंधन कारखान्यात पोचलं, आणि शेजारचं उंबऱ्याशी अडून राहिलं. आडवा आला तो कागदावरचा एक शब्द.

मग अभियंत्यांनी काय केलं? घरात पाहुणे वाढले की आपण गाद्या जवळजवळ घालतो, तसं हौदातल्या जुड्या ठेवायच्या चौकटी दाटीने बसवल्या. त्यानेही भागेना तेव्हा काही जुन्या, थंडावलेल्या जुड्या कोरड्या कास्कमध्ये ठेवल्या. शेवटी आवारातच भट्टीपासून वेगळा, मोठा हौद बांधला. हा सगळा खटाटोप ज्या लोकांनी केला, त्यांची नावं कुठल्या पाठ्यपुस्तकात नाहीत. नेत्यांचे फोटो मात्र आहेत. असो.

१९९३ साली करार संपला. देखरेख भारताने चालू ठेवली. २००८ च्या नव्या करारात प्रक्रियेला तत्त्वतः संमती मिळाली आणि ३० जुलै २०१० रोजी तिची कार्यपद्धतीही सहीनिशी ठरली, तीही देखरेखीखालच्या नव्या, स्वतंत्र कारखान्यांपुरती. म्हणजे "मिळून ठरवायला" सत्तेचाळीस वर्षं लागली.

प्रक्रियेनंतरही उरतंच काही. ते तारापुरात वितळलेल्या काचेत मिसळून पोलादी डब्यांत भरतात आणि हवेवर थंड होत ठेवतात. कायमचं पुरायला खोल खडकातली जागा भारताकडे अजून नाही. ऐंशीच्या दशकात कोलारच्या सोन्याच्या खाणीत, सुमारे हजार मीटर खाली, खडक तापवून तो किती सोसतो हे पाहिलं होतं.

हे सगळं नातीला फोनवर सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ते डबे तिथे किती वर्षं ठेवणार?" मी म्हटलं, काही दशकं तरी. ती म्हणाली, "म्हणजे तेव्हा मी आजी असेन."