तट ढासळले, तलाव राहिले



बचत गटाची सहल म्हटली की देवदर्शन ठरलेलं. यंदा आम्ही ठरवलं, वावरात निंदताना जो सातपुडा रोज दिसतो, त्याच्यावरच चढायचं. गाडी केली, भाकरी-ठेचा बांधला आणि दोन दिवसांत दोन किल्ले पाहिले : अमरावती जिल्ह्यातला गाविलगड आणि अकोला जिल्ह्यातला नरनाळा.

गाविलगड चिखलदऱ्याला लागूनच आहे. एका अंगाला खोल दरी, दुसऱ्या अंगाला मेळघाटाचं रान. इथं आधी गवळ्यांची वस्ती होती, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. १४२५ च्या सुमारास बहमनी सुलतान अहमदशहानं हा पक्का किल्ला बांधला. पुढे वऱ्हाडात इमादशाही आली. अचलपूर ही तिची राजधानी. म्हणजे आपल्या वऱ्हाडाचं स्वतःचं राज्य होतं! ते १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीनं संपवलं.

नंतर किल्ला नागपूरकर भोसल्यांकडे आला. २९ नोव्हेंबर १८०३ ला तेल्हाऱ्याकडच्या अडगावात इंग्रजांनी भोसल्यांचा पराभव केला. मग इंग्रज सेनापती वेलस्ली गाविलगडावर आला. दक्षिणेचा कडा चढणं अवघड, म्हणून इंग्रजांनी डोंगरातून वळसा घालून उत्तरेकडून तोफा ओढत आणल्या. १५ डिसेंबरला किल्ला पडला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. याच वेलस्लीनं पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं.

किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मेला. त्याच्या घरच्या बायकांना शत्रूच्या हाती लागू नये म्हणून मरणाच्या दारात ढकललं. काही गेल्या, काही वाचल्या. हे ऐकल्यावर आमच्यातली एक काकू म्हणाली, "त्यायले कोनी इचारलं होतं का?" आम्ही सगळ्या गप्प झालो. किल्लेदाराचं नाव इतिहासात राहिलं, त्या बायकांपैकी एकीचंही राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी अकोटवरून शहानूर आणि तिथून नरनाळा. वनखात्याच्या नाक्यावर नोंद करूनच वर जाता येतं. इथला महाकाली दरवाजा १४८७ चा. दगडात कमळं आणि अक्षरं इतकी नाजूक कोरलीत की आमच्या भरतकाम करणाऱ्या बायका तिथून हलेनात. वर राणीमहाल आहे, लांबलचक नऊगजी तोफ आहे.

पण आम्ही सगळ्यात जास्त वेळ थांबलो तलावांपाशी. गडावर लहानमोठे बरेच तलाव आहेत, आणि काहींत बारा महिने पाणी असतं. डोंगरमाथ्यावर ना नदी, ना नाला. पडणारा पाऊस दगडी नाल्यांतून वळवायचा आणि साठवायचा, एवढाच हिशेब.

आता खाली बघा. पूर्णेच्या दोन्ही काठांना आपला खारपाणपट्टा. बोअर मारली तरी पाणी खारट. गोड पाण्यासाठी डोक्यावर हंडा घेऊन आपणच चालतो. तोच पाऊस गडावरही पडतो आणि आपल्या टिनांवरही पडतो. गडावरचा पाचशे वर्षांपूर्वी अडवला, आपला वाहून जातो.

राजे गेले, तोफा गंजल्या, तट ढासळले. पाणी धरून ठेवणारं काम मात्र अजून उभं आहे.

म्हणून मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत कर्जाच्या हप्त्यांसोबत एक विषय घ्या. गावातल्या म्हाताऱ्या बायांना विचारा : जुनी विहीर कोणती, ती कोणी खोदली, तिचं पाणी कधीपासून तुटलं? रजिस्टरात लिहून ठेवा, आणि सांगणारीचं नावही लिहा. मग शेततळ्याचा, छतावरचं पाणी साठवण्याचा ठराव घेऊन ग्रामसभेत जा. एकट्या नाही, सगळ्या मिळून जा.