लंगडा घोडा : उपचारांपासून पुनर्वसनापर्यंत

मुंबईत व्हिक्टोरिया गाड्यांतून केवळ हौसेखातर होणारी सफर उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये बेकायदा ठरविली. या गाड्या वर्षभरात बंद कराव्यात आणि घोडे व मालक यांच्या पुनर्वसनाची योजना आखावी, असेही न्यायालयाने सांगितले. त्यानिमित्ताने एक जुनाच प्रश्न ऐरणीवर आला. काम संपलेल्या घोड्याचे पुढे काय? घोडा २५ ते ३० वर्षे जगू शकतो. मात्र हातावर पोट असलेल्या मालकाला लंगड्या घोड्याचा खुराक झेपत नाही आणि जनावर रस्त्यावर सोडले जाते.

उपाशी-तहानलेले राहील अशा स्थितीत जनावर सोडून देणे, तसेच जखमी वा दुर्बल जनावराला कामास जुंपणे, हे प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार गुन्हे आहेत. मात्र या कायद्याने पहिल्या गुन्ह्यासाठी ठरविलेला दंड अवघा १० ते ५० रुपये होता.

असा घोडा दिसल्यास त्याला ओढत चालवू नये. सावली करावी, स्वच्छ पाणी द्यावे आणि पशुरुग्णालयाला कळवावे. मुंबईत परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय आहे. दयाबुद्धीने चणे, पाव किंवा कोंडा मात्र मुळीच घालू नये. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या घोड्याला एकदम धान्य मिळाले, तर रक्तातील क्षारांचे संतुलन बिघडून काही दिवसांतच तो दगावू शकतो. लसूणघासासारखा चारा थोडा थोडा, दिवसातून अनेकदा देणे सुरक्षित ठरते.

घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटाच्या टोकावर उभा असतो आणि शरीराचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो. दुखऱ्या पुढच्या पायावर भार येताच तो मान वर झटकतो. खूर गरम लागणे हीदेखील महत्त्वाची खूण. खुरात पू झाला असेल किंवा नालेचा खिळा चुकीच्या जागी गेला असेल, तर घोडा बहुधा बरा होतो. खुराच्या आतील पापुद्र्यांचा दाह, अर्थात लॅमिनायटिस, सांध्यांची झीज आणि अस्थिभंग हे त्याहून गंभीर. एक पाय निकामी झाला की त्याचा भार पेलणाऱ्या दुसऱ्या पायालाही लॅमिनायटिस होऊ शकतो. जखम असल्यास धनुर्वाताची लस अत्यावश्यक, कारण हा रोग घोड्यांना चटकन होतो. ग्लँडर्स हा रोग माणसालाही होत असल्याने, रक्ततपासणी होईपर्यंत नव्या घोड्याला इतरांपासून वेगळे ठेवावे लागते.

पुनर्वसन हे धीराचे काम आहे. खूर महिन्याला एक सेंटिमीटरपेक्षाही कमी वाढतो. पुढचा भाग पूर्ण नवा येण्यास ९ ते १२ महिने लागतात. तोवर नालबंदाकडून नियमित तासणी, मऊ जमीन आणि बेताची हालचाल हवी. घोडा कळपात राहणारा प्राणी असल्याने सोबतही हवी. यातून सावरलेले सर्वच घोडे पुन्हा स्वारीस योग्य होत नाहीत. त्यांना दत्तक देताना ही अट स्पष्ट करावी लागते.

वेदना आटोक्यात येण्याची शक्यताच नसेल, तर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दयामरणाचा मार्ग कायद्याने मोकळा ठेवला आहे. असह्य वेदनेत जनावराला केवळ जिवंत ठेवणे ही भूतदया नव्हे.