पंडिता रमाबाई : बाप्तिस्म्यापासून पूर्ण समर्पणापर्यंत

पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात या घटनेची जेवढी चर्चा झाली, तेवढी क्वचितच अन्य एखाद्या धर्मांतराची झाली असेल. आपल्याकडील अभ्यासक बहुधा या तारखेपाशी थांबतात. कोणी निषेधासाठी, कोणी समर्थनासाठी. स्वतः रमाबाई मात्र तेथे थांबल्या नाहीत. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ टेस्टिमनी’ या इंग्रजी आत्मनिवेदनात त्यांनी नमूद केले आहे की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म लाभला होता, पण प्रत्यक्ष ख्रिस्त लाभला नव्हता. १८९१ च्या सुमारास ही उणीव त्यांना जाणवली आणि तेथून त्यांच्या श्रद्धेचे दुसरे पर्व सुरू झाले. या आठ वर्षांत नेमके काय अपुरे होते, आणि कोणाच्या दृष्टीने, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

रमाबाई ख्रिस्ती धर्माकडे वळल्या त्या एकाएकी नव्हे. १८५८ साली जन्मलेल्या या कन्येला वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरी संस्कृत विद्येचा वारसा मिळाला आणि त्याबरोबर तीर्थयात्रांचे भटके जीवनही. १८७४ च्या सुमारास दुष्काळाने आई, वडील आणि बहीण हिरावून नेली. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या खऱ्या. पण स्त्री व शूद्र यांना मोक्षाचा अधिकार कोणता, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर धर्मशास्त्रांत त्यांना सापडले नाही. १८८० साली भाऊ श्रीनिवास गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी त्यांनी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८२ च्या फेब्रुवारीत पतीही पटकीने गेले. आसामातील सिलचर येथील घरी बंगाली भाषेतील लूकच्या शुभवर्तमानाची एक प्रत त्यांच्या हाती पडली होती. इंग्लंडमध्ये आल्यावर लंडनच्या फुलहॅम भागात पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांची जोगिणी करीत असलेली सेवा त्यांनी पाहिली, आणि शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना नव्या अर्थाने उमगली. नीलकंठशास्त्री तथा फादर नेहेम्या गोरे यांच्या लेखनाने बौद्धिक अडचणी बऱ्याच अंशी दूर झाल्या. म्हणजे करुणेने मन ओढले आणि युक्तिवादाने बुद्धी वळवली. बाप्तिस्मा झाला तो या दोन पायांवर.

यानंतरच्या तीन वर्षांतील पत्रव्यवहार १९७७ साली ए. बी. शहा यांनी संपादित केला. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी झालेली ही पत्रे म्हणजे धर्मतत्त्वांवरील अखंड वादच होय. त्र्यैक्याचा सिद्धान्त, ख्रिस्ताचे ईश्वरत्व, त्याचा चमत्कारिक जन्म यांपैकी काहीही रमाबाई तपासल्याशिवाय मान्य करावयास तयार नव्हत्या. क्रूसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, लॅटिन ही संस्कृतहून पवित्र आहे काय, असा त्यांचा रोकडा सवाल होता. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवू नये, असे मुंबई व लाहोरच्या बिशपांनी सुचविले तेव्हा, आपण मायदेशी स्त्रीपुरुषांच्या सभांतून व्याख्याने दिली आहेत, हे त्यांनी ठणकावून सांगितले. महत्प्रयासाने एका पुरोहितवर्गाचे जू मानेवरून उतरविल्यावर दुसऱ्याचे चढवून घेण्याची त्यांची इच्छा नव्हती.

जेराल्डीनबाईंना हे सारे अहंकाराचे आणि अर्धवट श्रद्धेचे लक्षण वाटले. प्रस्तुत लेखकास हा निर्णय स्वीकारार्ह वाटत नाही. मठातील आज्ञापालन हेच ज्यांच्या श्रद्धेचे माप होते, त्यांना प्रश्न विचारणारी शिष्या अपुरी वाटणे स्वाभाविक होते. परंतु पुढे १९०७ साली रमाबाईंनी स्वतःची जी उणीव सांगितली, ती ही नव्हे. मठाच्या किंवा बिशपांच्या अधिकारापुढे आपण नमलो नाही याचा पश्चात्ताप त्या निवेदनात नाही. त्यांची तक्रार वेगळी होती : धर्म हा आचरणाने व विधींनी साध्य करावयाचा आहे, बाप्तिस्मा घेतला की बाकीचे आपोआप होईल, अशा समजुतीत आपण राहिलो, स्वतःला पापी म्हणून ओळखून केवळ विश्वासाने तारण स्वीकारणे बाकीच होते.

ही जाणीव होण्यास निमित्त झाले विल्यम हॅस्लम यांचे ‘फ्रॉम डेथ इनटू लाइफ’ हे १८८० साली प्रसिद्ध झालेले आत्मचरित्र. हॅस्लम हे इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातील बाल्डू गावचे अँग्लिकन धर्मगुरू होते. १८५१ साली व्यासपीठावरून उपदेश करीत असताना त्यांचे स्वतःचेच परिवर्तन झाले! दीक्षित धर्मगुरूही अंतर्यामी अपरिवर्तित असू शकतो, ही त्या ग्रंथातील कबुली, विधिपूर्वक बाप्तिस्मा घेऊनही अस्वस्थ राहिलेल्या रमाबाईंना आरशासारखी वाटली असल्यास नवल नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. १९०७ चे निवेदन १९०५ मधील मुक्तीच्या पुनरुज्जीवनानंतर लिहिलेले आहे, आणि ‘पूर्वी अंधार, नंतर प्रकाश’ असा त्या काळच्या अशा लेखनाचा ठरलेला साचा असे. त्यामुळे १८८३ च्या रमाबाई वास्तवात होत्या त्याहून अधिक कोरड्या भासतात. फुलहॅमच्या भेटीचे वर्णन मात्र त्याच निवेदनात आहे, आणि ते कोरड्या मनाचे खचित नव्हे. वरील पत्रे व हे निवेदन एकत्र वाचल्यासच खरे चित्र हाती येते.

अंतःकरणातील या बदलाची सामाजिक किंमत मोठी होती. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ उघडलेले आणि पुढच्या वर्षी पुण्यास हलविलेले शारदा सदन हे उच्चवर्णीय विधवांसाठी होते. बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांचे अर्थसाहाय्य दिले होते, आणि धार्मिक तटस्थता हा संस्थेचा पाया होता. रानडे व भांडारकर यांच्यासारख्या धुरीणांनी सल्लागार म्हणून आपले नाव दिले ते या भरवशावर. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत. दार उघडे असे. काही मुली आत येऊन बसत. दार लावून घ्यावे, ही अपेक्षा १८९१ नंतरच्या रमाबाईंना मान्य होण्यासारखी नव्हती. ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली. १८९३ च्या ऑगस्टमध्ये रानडे-भांडारकर मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्याच वर्षी सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला होता. म्हणजे सुधारणेचे कार्य फळ देत असतानाच सुधारकांचा आधार सुटला. या वादात दोष सर्वस्वी विरोधकांच्या माथी मारणे न्याय्य ठरणार नाही. आपल्या लेकीबाळी कोणत्या कराराने पाठविल्या होत्या, हे विचारण्याचा पालकांना अधिकार होताच. सर्वस्व अर्पण करणारी श्रद्धा आणि तटस्थतेचे वचन यांचा एका छपराखाली फार काळ संसार होणे कठीण होते.

पुढील घटनाक्रम सुपरिचित आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुली घेऊन आल्या. स्वतःच्या घराची वाताहत दुष्काळातच झाली असल्याने ही आपत्ती त्यांना नवी नव्हती. प्लेगच्या निर्बंधांमुळे मुलींना केडगावच्या शेतजमिनीवर न्यावे लागले आणि १८९८ साली तेथे ‘मुक्ती’ची रीतसर स्थापना झाली. त्याच वर्षी असोसिएशनची दहा वर्षांची मुदत संपली. मुक्तीला तटस्थतेचे बंधन नव्हते, तसे ठरावीक अनुदानही नव्हते. खर्चाची भिस्त प्रार्थनेवर आणि येईल त्या देणगीवर. १९०५ च्या जूनमध्ये तेथे पुनरुज्जीवनाची लाट उसळली. मुली रडून पापांची कबुली देत, तासन्‌तास प्रार्थना करीत. काही मिशनऱ्यांना हा भावनांचा अतिरेक वाटला. रमाबाईंनी तो थोपविला नाही; हिंदी लोकांनी आपल्या स्वभावाप्रमाणे प्रार्थना करावी, पाश्चात्य शिस्त त्यांच्यावर लादू नये, ही त्यांची भूमिका होती. वाँटेजला लॅटिन अक्षरांना हरकत घेणारी स्त्री येथे पुन्हा ओळखू येते.

तिचे अखेरचे मोठे काम म्हणजे मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर. खिळे जुळविण्यापासून छपाईपर्यंतची कामे मुक्तीच्या मुलींनीच केली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले; संपूर्ण ग्रंथ त्यानंतर प्रसिद्ध झाला. खेड्यातील अल्पशिक्षित बाईला समजेल अशी मराठी त्यांनी त्यात कटाक्षाने योजली आणि वेदान्ताचा वास येणारे संस्कृत शब्द टाळले. १८८५ साली क्रूसावर संस्कृत अक्षरे मागणाऱ्या पंडितेनेच पुढे ती भाषा बाजूस ठेवली. या त्यागाविषयी मराठी समीक्षेने आजवर फारसे लिहिलेले नाही.